नेम चुकत नव्हता, तरीही: रॉस रायफल आणि भरवशाचा प्रश्न

मंडळी, आजचा विषय वाचून काहींच्या भुवया उंचावल्या असतील. तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसानं बंदुकांवर बोलायचं म्हणजे काय? आम्ही उभ्या जन्मात बंदूक चालवलेली नाही, आणि आता सत्तरी उलटल्यावर ती हौसही नाही. पण मागच्या दोन व्याख्यानांत आपण प्रामाण्याचा विचार केला. एखादं ज्ञान खरं आहे हे आपोआप कळतं की बाहेरून तपासावं लागतं, हा मीमांसक आणि नैयायिक यांच्यातला जुना वाद. त्या वादाला एखादं रोकडं उदाहरण द्या, अशी मागणी बऱ्याच श्रोत्यांकडून आली. दोरीवरचा साप आणि शिंपल्यातली चांदी यांना ते कंटाळले असावेत, आणि त्यांचं चुकलंही नाही! म्हणून आज एका बदनाम रायफलीची गोष्ट घेऊ.

आधी एक भेद. हत्यार माणसाला दोन तऱ्हांनी निराश करतं. पहिली तऱ्हा अपेक्षाभंगाची. अमेरिकेतल्या विंचेस्टर कंपनीची 'मॉडेल 70' ही शिकाऱ्यांची लाडकी रायफल 1936 पासून बाजारात होती. 1964 साली कंपनीनं खर्च वाचवायला तिची घडण बदलली. काडतूस पकडून बाहेर काढणारी जुनी मोठी नखी गेली, लाकडी दस्त्यावरची कोरीव नक्षी जाऊन तिथे दाबून उठवलेली नक्षी आली. शिकारी चिडले. '1964 च्या आधीची' हा त्या मंडळींत आजही किमतीचा शब्द आहे. पण ती नवी रायफल काही उडायची थांबली नव्हती. मन खट्टू झालं, इतकंच.

दुसरी तऱ्हा वेगळी. तिथे हत्यार ऐन वेळी काम करत नाही, किंवा नको तेव्हा करतं. रॉस रायफल या दुसऱ्या तऱ्हेतली, आणि गंमत अशी की ती जगातल्या उत्तम नेमाच्या रायफलींपैकीही एक होती. आमचा सगळा रस या 'आणि'मध्ये आहे.

सर चार्ल्स रॉस हा स्कॉटलंडचा जमीनदार, सरदार घराण्यातला, यंत्रांचा नादी. बोअर युद्धानंतर कॅनडाला स्वतःच्या देशात रायफली बनवायच्या होत्या. ब्रिटनची ली-एनफिल्ड तिथे बनवण्याची सोय होईना, तेव्हा रॉसनं क्वेबेक शहरात कारखाना काढायची तयारी दाखवली. 1903 मध्ये करार झाला. आपली रायफल, आपला कारखाना, यात राष्ट्राभिमान होता. आपल्याला ते समजायला जड जाऊ नये.

तिची खुबी बोल्टमध्ये होती. बोल्ट म्हणजे काडतूस नळीत ढकलून मागून कडी लावणारा दांडा. साध्या रायफलीत त्याची मूठ वर उचलायची, मागे ओढायची, पुढे ढकलायची आणि खाली दाबायची, अशा चार हालचाली. रॉसमध्ये दोनच: मागे आणि पुढे. आतल्या पेचदार खाचांमुळे बोल्टचं डोकं आपोआप फिरून अडकायचं. नेमबाजीच्या मैदानावर हे पाहून लोक थक्क होत. इंग्लंडमध्ये बिस्लीला नेमबाजीच्या मोठ्या स्पर्धा भरतात. तिथलं मानाचं किंग्ज प्राइझ कॅनडाच्या नेमबाजांनी 1911 आणि 1913 साली रॉसवर जिंकलं.

शिकाऱ्यांनाही मोह पडला. .280 रॉस हे काडतूस त्या काळी विलक्षण वेगवान, गोळी सेकंदाला जवळजवळ 3,000 फूट जायची. हरणांसारख्या जनावरांवर तिची मात्रा चाले. पण 1911 मध्ये पूर्व आफ्रिकेत जॉर्ज ग्रे, म्हणजे ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री एडवर्ड ग्रे यांचे भाऊ, ही रायफल घेऊन सिंहासमोर गेले. सिंह चालून आला, गोळ्या लागल्या, पण हलकी वेगवान गोळी जाड स्नायूंत खोल न जाता फुटून गेली. सिंह थांबला नाही. ग्रे जखमांनी नैरोबीत वारले. इथे रायफल अडली नव्हती, नेमही चुकला नव्हता. हरणावर मिळवलेला विश्वास सिंहावर वापरला गेला.

आता खरी कसोटी. एप्रिल 1915, बेल्जियममधलं ईप्र. जर्मनांनी क्लोरीन वायू सोडला आणि कॅनडाची पहिली डिव्हिजन त्या मोर्चावर होती. सैनिकांच्या हाती रॉस. भराभर गोळ्या झाडल्या की बोल्ट अडकायचा, हातानं निघेना. बुटाची लाथ मारून, खंदक खणायच्या हत्याराच्या दांड्यानं ठोकून तो उघडायचा, आणि समोरून शत्रू येतोय. लढाईनंतर जे सुमारे 5,000 जण उरले त्यांतल्या 1,400 हून अधिक जणांनी आपली रॉस टाकून पडलेल्या ब्रिटिश सैनिकांच्या ली-एनफिल्ड उचलल्या होत्या. सैनिकानं सरकारी हत्यार टाकणं हा गुन्हा. तरी टाकलं.

कारणं काय? एक म्हणजे रॉसचं चेंबर, काडतुसाचं घर, फार नेमक्या मापाचं होतं. नेम उत्तम यायचा तो काही अंशी त्यामुळेच. पण युद्धाच्या घाईत बनलेली ब्रिटिश काडतुसं मापाला थोडी इकडेतिकडे असत. ली-एनफिल्डचं घर ऐसपैस, तिला चालायची. रॉसमध्ये ती घट्ट बसायची. दुसरं, चार हालचालींच्या बोल्टमध्ये मूठ उचलताना जी पिळाची ताकद मिळते, तीच अडकलेलं काडतूस सैल करते. रॉसमध्ये ती पुरेशी नव्हती. वाचवलेल्या दोन हालचालींचं मोल असं फेडावं लागलं. तिसरं कारण सर्वांत वाईट. बोल्ट मागे ओढला की त्याच्या डोक्यावरच्या आट्यांची कड एका लहानशा अडणीवर आपटायची. पोलाद पुरेसं कठीण केलेलं नसेल तर ती कड चेपायची. म्हणजे अडली की जोरात ओढायची, जोरात ओढली की कड आणखी चेपायची, आणि मग ती आणखी अडायची! वर चिखल. आणि साडेतीस इंची नळी, जी खंदकाच्या वळणावर नुसती अडचण.

आता आपल्या वादाकडे या. मीमांसक म्हणतो, ज्ञान मुळात विश्वासार्हच धरायचं, दोष दिसेपर्यंत. सैनिक असाच वागतो, त्याला दुसरा इलाजच नसतो. नैयायिक म्हणतो, तसं नाही. पाणी दिसलं तर जा, पी, तहान भागली तर ज्ञान खरं. व्यवहारात यश आलं पाहिजे. मग रॉसची बाजू घेणारा म्हणेल, यश तर होतंच की! बिस्लीचे चषक बघा.

इथे नैयायिकाची दुसरी कल्पना कामाला येते, 'उपाधी'. जिथे धूर तिथे अग्नी, हे बरोबर. पण जिथे अग्नी तिथे धूर, हे बरोबर नाही, कारण धुरासाठी ओलं जळण लागतं. ही न दिसणारी, गृहीत धरलेली अट म्हणजे उपाधी. तापून लाल झालेल्या लोखंडात अग्नी आहे, धूर नाही. 'रॉस अचूक चालते' या वाक्यालाही अशी उपाधी होती: स्वच्छ हात, कोरडं मैदान, निवडक काडतुसं, दोन गोळ्यांमध्ये उसंत. बिस्लीत ही ओलं जळण पुरवणारी सगळी व्यवस्था होती, म्हणून ती कुणाच्या नजरेत आली नाही. ती मोडते कुठे, हे खंदकातच कळलं.

याला उलटा पुरावाही आहे. लपून दूरवर नेम धरणाऱ्या कॅनडाच्या निशाणबाजांनी रॉस पुढेही आवडीनं वापरली. ओजिब्वे जमातीचे फ्रान्सिस पेगाहमागाबो हे त्या युद्धातले नावाजलेले निशाणबाज, त्यांच्या हाती रॉसच होती. निशाणबाज आपली काडतुसं निवडतो, बोल्ट पुसतो, सावकाश एक गोळी झाडतो. म्हणजे बिस्लीची उपाधी तो सोबत घेऊन फिरतो.

पण प्रश्न नुसता यंत्राचा राहिला नाही, शब्दप्रमाणाचा झाला. कॅनडाचे संरक्षणमंत्री सॅम ह्यूज रॉसचे कट्टर पुरस्कर्ते. तक्रारी आल्या की दोष काडतुसांचा, नाहीतर सैनिकांच्या शिक्षणाचा. कॅनडाच्या सैन्याचे प्रमुख जनरल अल्डरसन यांनी रायफलीविरुद्ध लिहिलं, तेव्हा ह्यूज त्यांच्यावरच उलटले. मे 1916 मध्ये अल्डरसन यांच्याकडून ते सैन्य काढून घेण्यात आलं. त्याला इतर कारणंही होती, पण हे एक होतं. वात्स्यायनानं आप्त कोण हे सांगताना कुळ-पद पाहिलेलं नाही. ज्यानं वस्तू प्रत्यक्ष जाणली आणि जशी जाणली तशी सांगायची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. मग तो ऋषी असो की म्लेच्छ. या कसोटीवर चिखलातला शिपाई आप्त ठरतो आणि ओटावातला मंत्री ठरत नाही. ह्यूज लबाड होते असं आम्हाला वाटत नाही. त्यांची रायफलीवर श्रद्धा होती, आणि आमच्या मते तेच अधिक धोक्याचं होतं, कारण लबाडाला निदान खरं काय ते ठाऊक असतं.

शेवटी पहिल्या डिव्हिजनला 1915 च्या उन्हाळ्यातच ली-एनफिल्ड मिळाल्या, बाकीच्यांना 1916 मध्ये. ह्यूज यांचं मंत्रिपद त्याच वर्षी नोव्हेंबरात गेलं. 1917 मध्ये सरकारनं कारखाना ताब्यात घेतला. ली-एनफिल्डचं पुढे काय झालं ते आपल्याला सांगायला नको. पोलिसांच्या खांद्यावरची 'थ्री नॉट थ्री' ती हीच.

एका श्रोत्यानं चिठ्ठी पाठवलीय: उरलेल्या रॉस रायफलींचं काय? पुष्कळ उरल्या, कॅनडात शिकाऱ्यांनी त्या पुढे अनेक वर्षं वापरल्या. त्यांत आणखी एक धोका आहे. 1910 च्या नमुन्याचा बोल्ट साफ करायला खोलला आणि डोकं उलट्या फेऱ्यात बसवलं, तर तो आत जातो, चाप ओढला की गोळीही सुटते, पण कडी लागलेली नसते, आणि बोल्ट सरळ मागे चेहऱ्यावर येतो. पुढे तो तसा बसूच नये म्हणून काही रायफलींत एक रिव्हेट ठोकली गेली. जिच्यात रिव्हेट नाही, तिचा बोल्ट मागे ओढून पाहायचा. डोकं बाहेर किती आलंय यावरून ओळखता येतं. बरोबर बसलेलं अंदाजे एक इंच बाहेर दिसतं, चुकलेलं त्याहून थोडं कमी. फरक बोटाच्या पेराहून लहान, म्हणून जाणकार तो मोजून बघतात आणि मगच काडतूस घालतात.