नळीवरचा उजेड

एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या सदबीज लिलावघराच्या यादीत एक तलवार निघाली. पाते युरोपी, मूठ मराठा घडणीची. पात्याच्या पाठीवर सोन्याने देवनागरी अक्षरे जडवलेली होती आणि त्यांत राघोजी भोसल्यांचे नाव होते, ‘सेनासाहेब सुभा’ या पदासह. महाराष्ट्र शासनाने ती ४७ लाख १५ हजार रुपयांना मिळवली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. आपल्यापैकी बहुतेकांनी ती आधी फोटोतच पाहिली. त्या फोटोंत अक्षरे वाचता येत होती, ही मला त्या प्रकरणातली फार मोलाची गोष्ट वाटते.

जुन्या बंदुकांच्या वाट्याला असे फोटो क्वचित येतात. घराघरांतले फोटो ठरावीक साच्याचे असतात: भिंतीवर टांगलेली बंदूक, समोरून मारलेला फ्लॅश, नळीवर पांढरा चट्टा, बाकी सगळे काळे. बंदूक कुठल्या घडणीची, नळीवर ठसा आहे का, दस्ता मूळचा की नंतर बदललेला, यातले काहीच त्यावरून सांगता येत नाही. जाणकाराला ती ओळखता यावी असा फोटो काढायला महागडा कॅमेरा लागत नाही. उजेड कुठून येतो आणि धातूवर त्याचे काय होते एवढे समजले, की साधा मोबाइल पुरतो.

मुंबईत भांडुप पश्चिमेला डोंगराच्या अंगाने चढत गेलेल्या वस्त्यांत रत्नागिरी-सिंधुदुर्गातली घरे मोप आहेत. यांतल्या कितीतरी घरांच्या गावच्या वाटणीत काका-आजोबांच्या नावावरची ठासणीची बंदूक असते. वानर आणि रानडुक्कर यांच्यापासून बागायत राखण्यासाठी शेती संरक्षणाच्या परवान्यावर घेतलेली, निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा होणारी. १९५९ च्या शस्त्र कायद्याने पीकरक्षणासाठीच्या ठासणीच्या बंदुकीला वेगळी जागाच ठेवली आहे. मात्र ती परवानाधारकाच्या ताब्यातली वस्तू. फोटो काढायला म्हणून पुतण्याने ती पिशवीत घालून भांडुपला आणायची नसते. सराव इथे करायचा आणि फोटो गावी, परवानाधारक समोर असताना काढायचा.

‘ती चालतच नाही, तिला कसला परवाना?’ असे हमखास विचारले जाते. त्याच कायद्याच्या ४५व्या कलमात जुन्यापुराण्या धाटणीच्या, पुरातन मोलाच्या किंवा मोडक्या शस्त्रांना सूट आहे, पण अट अशी की ते दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता येऊ नये. गंजलेला घोडा बदलला की बार निघणार असेल, तर ती सूट लागू होत नाही. हा निर्णय घरातल्या घरात घेऊ नये.

कॅमेरा हातात घेण्याआधी आणखी एक खबरदारी, आणि इथे सूट कुणालाच नाही. ठासणीच्या जुन्या बंदुका भरलेल्या अवस्थेत वर्षानुवर्षे माळ्यावर पडून राहिल्याची उदाहरणे जगभर सापडली आहेत. बंदूक भरलेली आहे असेच धरून चालावे. ती रिकामी आहे याची खात्री परवानाधारकाने किंवा परवानाधारक बंदूक-दुरुस्तीवाल्याने करून द्यावी. फोटोसाठी घोडा ओढू नये, चाप दाबू नये, नळीचे तोंड माणसाकडे करू नये.

आता सराव. त्याला स्वयंपाकघरातला स्टीलचा उभा डबा उत्तम, कारण नळी आणि डबा दोन्ही गोल आणि दोन्ही आरशासारखे वागतात. डबा खिडकीपाशी आडवा ठेवा आणि मोबाइलच्या पडद्यावर नीट पाहा. डब्यावर उजेड ‘पडलेला’ दिसत नाही; खोलीच दिसते. खिडकीची चौकट, ट्यूबलाइट, तुमचा लाल शर्ट, सगळे चपटे होऊन लांब पट्ट्यांच्या रूपात. धातूचा फोटो म्हणजे त्याच्यात उमटलेल्या आसपासच्या गोष्टींचा फोटो, हे एकदा ध्यानात आले की पुढचे काम सोपे होते. दिवा कमी-जास्त करत बसण्याऐवजी नळीला काय ‘दाखवायचे’ ते ठरवायचे.

खिडकी आणि डबा यांच्यामध्ये स्टेशनरीच्या दुकानात मिळणारा ट्रेसिंग पेपर ताणून लावा. डब्यापेक्षा लांब हवा, नाहीतर टोकाला उजेड तुटतो. चट्टा जातो आणि डब्याच्या अंगावरून एक रुंद, मऊ, पांढरा पट्टा सरळ धावतो. त्याने गोलाई कळते. मग कडा पाहा. पांढऱ्या पार्श्वभूमीवर त्या विरघळून गेल्या असतील, तर चौकटीच्या जरा बाहेर दोन्ही बाजूंना काळ्या कागदाच्या पट्ट्या उभ्या करा. कडेला बारीक काळी रेघ येते आणि आकार बांधला जातो. सावली फार गडद झाली तर समोरून पांढरा कार्डशीट धरा. स्वतः गडद रंगाचे कपडे घाला. खोलीतले दिवे बंद ठेवा, कारण खिडकीचा उजेड निळसर आणि बल्बचा पिवळसर असतो. दोन्ही एकत्र आले की पोलादाचा खरा रंग कुठलाच उरत नाही. पावसाळी ढगाळ दुपारी भांडुपच्या खोलीत जो सपाट, राखाडी उजेड भरतो, त्याला लोक नावे ठेवतात. धातूच्या फोटोसाठी तो सोन्यासारखा.

मोबाइल हातात धरू नये. शंभर-दोनशे रुपयांचा छोटा ट्रायपॉड आणि दोन सेकंदांचा टायमर एवढ्याने हात हलण्याचा प्रश्न मिटतो. पडद्यावर बोट दाबून धरून फोकस आणि उजेड पक्का करावा, मग उजेड थोडा खाली ओढावा: पांढरा फटफटीत झालेला भाग नंतर परत मिळत नाही, काळोखातला तपशील बराचसा मिळतो. बंदूक चार-पाच फुटांची. ती एका चौकटीत बसवायला मोबाइलची रुंद लेन्स जवळ नेली की मधला भाग फुगतो आणि दोन्ही टोके ताणली जातात. सात-आठ फूट मागे सरून मुख्य किंवा दुपटीची लेन्स वापरावी. पूर्ण बंदुकीचा डावा आणि उजवा असे दोन फोटो, कॅमेरा नळीच्या मध्यावर आणि काटकोनात. बाकी सगळे तुकड्यातुकड्यांनी: चापाची जागा, घोडा, रंजकाचे, म्हणजे बार पेटवणाऱ्या दारूचे, ठिकाण, ठासायचा गज, दस्त्याची टाच, नळीचे तोंड बाजूने. खाली राखाडी कागद किंवा खळ धुऊन काढलेले मांजरपाट अंथरावे. मखमल छायाचित्रात भारदस्त दिसते, पण तिचे तंतू धातूला चिकटतात आणि लक्ष वेधून घेतात.

लाकडी दस्त्याचे गणित धातूपेक्षा वेगळे. त्यावरच्या तेला-पॉलिशची चमक पोलरायझर फिल्टर फिरवून बरीच कमी करता येते आणि लाकडाचा पोत वर येतो. नुसत्या पोलादाच्या चमकेवर तोच फिल्टर फारसा चालत नाही. त्यामुळे एकाच फोटोत दोन्ही साधायचा हट्ट धरू नये.

आता या सगळ्यातला माझ्या सर्वांत आवडीचा भाग: अक्षरे. बीकानेरच्या शस्त्रागारातल्या कितीतरी दख्खनी शस्त्रांवर ठिपके ठोकून देवनागरी लेख कोरलेले आहेत. १६८९ मध्ये महाराजा अनूपसिंहांनी आदोनीहून मिळवल्याची ती नोंद आहे. त्यांतली काही आज लंडन-न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत आहेत, आणि त्या ठिपक्यांमुळेच ती दख्खनची म्हणून ओळखता आली. असे लेख समोरच्या उजेडात जवळजवळ अदृश्य असतात. त्यांना आडवा उजेड लागतो. खोली अंधारी करा, मोबाइल ट्रायपॉडवर घट्ट ठेवा आणि साधी टॉर्च धातूच्या पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून, अगदी तिरपी धरा. प्रत्येक खळग्याची एक कड उजळते, दुसरी सावलीत जाते, आणि जिथे नुसता गंज वाटत होता तिथे अक्षराचा काना उभा राहतो. एकाच दिशेवर थांबू नये. टॉर्चला समांतर जाणाऱ्या रेघा सावलीच टाकत नाहीत, म्हणून त्या निसटतात. चारही बाजूंनी एकेक फोटो घ्यावा, बंदूक आणि मोबाइल तसूभरही न हलवता.

याच युक्तीचे शास्त्र २००१ मध्ये एचपी कंपनीच्या प्रयोगशाळेत टॉम माल्झबेंडर आणि सहकाऱ्यांनी मांडले. वेगवेगळ्या कोनांतून उजेड टाकून काढलेल्या फोटोंचे संगणकाने एकच चित्र करायचे, म्हणजे नंतर पडद्यावर हवा तिकडून उजेड फिरवता येतो. जगभरची संग्रहालये शिलालेख आणि नाणी वाचायला ही पद्धत वापरतात. घरीही तिची तयारी ठेवता येते: वस्तूशेजारी दोन काळ्या चकचकीत गोट्या ठेवाव्यात. त्यांच्यावरच्या चकाकत्या ठिपक्यावरून प्रत्येक फोटोत उजेड कुठून आला ते संगणकाला कळते. आज ते चित्र करायचे नसले तरी गोट्या ठेवून काढलेले फोटो उद्या कामी येतील.

काही नळ्या लोखंडाच्या पट्ट्या पिळून, तापवून, ठोकून जोडलेल्या असतात; त्यांच्या अंगावर लाटांसारखी नक्षी, म्हणजे जौहर, दिसते. तिला मात्र आडवा उजेड मारतो. तिथे पुन्हा ट्रेसिंग पेपरचा मऊ उजेडच हवा.

सराव झाला की मुंबईतच छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या शस्त्रदालनात जावे. १९२२ मध्ये सुरू झालेल्या या संग्रहालयात अकबराचे चिलखत आणि ढाल आहे. फोटोची परवानगी आणि नियम आधी विचारावेत, फ्लॅश बंद ठेवावा, काचेशी काटकोन धरून मोबाइल शक्य तितका जवळ न्यावा आणि भोवती काळा रुमाल धरावा. काचेतली आपलीच छबी नाहीशी होते. पुण्याला दिनकर केळकरांनी आयुष्यभर जमवून १९७५ मध्ये शासनाच्या स्वाधीन केलेल्या संग्रहातही शस्त्रे आहेत. दारूची शिंगे, रंजकदाण्या अशा बंदुकीच्या सोबतच्या वस्तूही अशा संग्रहांत पाहाव्यात, म्हणजे गावच्या फळीवर धूळ खात पडलेले शिंग काय आहे ते कळते.

गावी फोटो काढायला सगळे जमतात ते बहुधा खंडेनवमीला किंवा दसऱ्याला, शस्त्रपूजनाच्या निमित्ताने. फोटो पूजेआधी काढावेत. ओले हळदीकुंकू कोरीव खाचांत बसते, अक्षरे बुजवते आणि ओल धरून खाली गंज आणते. आधीचे जुने कुंकू साचले असेल तर ते सुईने टोकरू नये. मऊ कोरड्या ब्रशने सुटेल तेवढेच. नळी ‘चकाचक’ करण्यासाठी पॉलिश पेपर लावणे हा तर वारशाचा नाशच: ठसा, जौहर, जुना काळपट रंग, सगळे एका दुपारीत जाते आणि कुठल्याही फोटोने परत येत नाही.

प्रत्येक फोटोत सेंटिमीटरची पट्टी असावी. सोबत वहीत नळीची लांबी, तोंडाचा आतला व्यास, वजन आणि घरातल्या जाणत्यांनी सांगितलेली हकीकत त्यांच्याच शब्दांत लिहावी: ही कुणी आणली, कुणी वापरली, दस्त्यावरचे पितळ कुणी ठोकले. मोबाइलमधली ठिकाणाची नोंद आधीच बंद करावी. परवान्याचा आणि बंदुकीचा क्रमांक दिसणारे फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवावेत, समाजमाध्यमांवर कधीच टाकू नयेत. बाकीच्या फोटोंची एक प्रत गावच्या घरात आणि एक मुंबईत राहू द्यावी. शेवटी बोटांचे ठसे मऊ कापडाने पुसून, धातूवर तेलाचा पातळ हात फिरवून, बंदूक परवानाधारकाच्या हाती द्यावी.