यकृतातला रक्तदाब कसा मोजतात?

दंडाला पट्टा गुंडाळून रक्तदाब मोजणे आता घरोघरी चालते. पण शरीरातला एक रक्तदाब या पट्ट्याला कळत नाही. जठर, आतडी आणि प्लीहा यांच्याकडून यकृताकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या शिरेतला, म्हणजे ‘पोर्टल व्हेन’मधला हा दाब. दंडावरचा रक्तदाब अगदी १२०/८० असला तरी हा दाब वाढलेला असू शकतो. लिव्हर सिरॉसिसच्या रुग्णाला पुढे कोणता त्रास होईल, हे बऱ्याच अंशी त्यावर ठरते.

यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन चतुर्थांश रक्त या शिरेतून येते. निरोगी यकृत मऊ असते. रक्त त्यातून सहज पुढे जाते. दारू, हिपॅटायटिस बी किंवा सी, फॅटी लिव्हर अशा कारणांनी यकृताला वर्षानुवर्षे इजा होत राहिली, की त्यात व्रणासारखे तंतू साठतात आणि ते टणक होते. रक्ताची वाट अडते, मागे दाब वाढतो आणि अडलेले रक्त आडवाटा शोधू लागते. अन्ननलिकेच्या आणि जठराच्या आतल्या शिरा त्यामुळे फुगतात. त्यांना ‘व्हेरिसेस’ म्हणतात. त्यातली एखादी फुटली, की रक्ताची उलटी होते आणि जिवावर बेतू शकते. प्लीहा वाढणे, प्लेटलेट कमी होणे, पोटात पाणी साठणे यांमागेही हाच वाढलेला दाब असतो.

मानेतून यकृतापर्यंत

पोर्टल शीर पोटात खोलवर असते. तिच्यात थेट सुई घालणे जोखमीचे. यावर अमेरिकेतील मायर्स आणि टेलर या डॉक्टरांनी १९५१ मध्ये आडमार्गाचा उपाय मांडला : रक्त यकृतात शिरते त्या बाजूने न जाता, ते बाहेर पडते त्या बाजूने दाब मोजायचा. पुढे १९७९ मध्ये रॉबर्टो ग्रोझमन आणि सहकाऱ्यांनी त्यासाठी टोकाला फुगा असलेली नळी वापरली. आजही तीच पद्धत प्रमाण मानली जाते.

रुग्ण उपाशीपोटी असतो आणि सहसा जागाच असतो. मानेचा उजवा भाग बधिर करून तिथल्या शिरेतून बारीक नळी आत सरकवतात. एक्स-रेच्या पडद्यावर पाहत ती हृदयाच्या उजव्या कप्प्यातून खाली यकृताच्या शिरेत नेतात. आधी फुगा न फुगवता तिथला दाब नोंदवतात. मग फुगा फुगवून शीर बंद करतात. नळाची तोटी बंद केली की मागच्या नळीतले पाणी थांबते आणि मागचा दाब तोटीपर्यंत पोहोचतो, तसेच इथे होते. सिरॉसिसमध्ये हा आकडा पोर्टल शिरेतल्या दाबाच्या अगदी जवळ जातो. मापन सहसा तीनदा करतात.

दोन आकड्यांतला फरक हे उत्तर. फुगवलेल्या फुग्याने २२ आणि न फुगवलेल्याने ८ मिमी पारा दाखवला, तर दाब १४. वजाबाकीचा फायदा असा, की पोटात साठलेल्या पाण्यामुळे दोन्ही आकडे वाढले तरी तो वाढावा निघून जातो. गरज असेल तर त्याच नळीच्या वाटेने यकृताचा तुकडाही तपासणीसाठी घेता येतो.

आकडे काय सांगतात?

१ ते ५ मिमी पारा हा फरक सामान्य. ५ च्या वर दाब वाढू लागला असे समजतात. १० किंवा अधिक असेल, तर व्हेरिसेस होण्याचा आणि पोटात पाणी साठण्याचा धोका वाढतो. १२ च्या पुढे शीर फुटण्याची भीती असते. रक्तस्राव सुरू असताना आकडा २० किंवा अधिक आला, तर तो थांबवणे अवघड जाते.

उपचार लागू पडतो की नाही, हेही यातून कळते. प्रोप्रॅनोलॉल, कार्व्हेडिलॉल ही बीटा ब्लॉकर औषधे हा दाब कमी करतात. तो १२ च्या खाली आला किंवा निदान २० टक्क्यांनी उतरला, तर रक्तस्रावाचा धोका बराच घटतो. स्पेनमधील २०१ रुग्णांच्या अभ्यासात (२०१९) दाब १० किंवा अधिक असलेल्यांना ही औषधे दिली, तेव्हा पोटात पाणी होणे, रक्तस्राव यांसारखी गुंतागुंत किंवा मृत्यू १६ टक्के जणांत दिसला. औषध न घेणाऱ्यांत २७ टक्के.

मर्यादा

अडथळा यकृताच्या आधीच असेल, तर फुगा त्याला पकडू शकत नाही. भारतात हे महत्त्वाचे आहे. इथे पोर्टल शीर गुठळीने बंद होण्याचा आजार लहान मुलांतही आढळतो. सिरॉसिस नसताना यकृतातल्या बारीक पोर्टल शिरा अरुंद होण्याचा आजारही दिसतो. अशा रुग्णांत व्हेरिसेस मोठ्या आणि आकडा मात्र सामान्य किंवा किंचित वाढलेला, असे चित्र असते. ही विसंगतीच डॉक्टरांना खऱ्या निदानाकडे नेते.

ही तपासणी मोजक्या मोठ्या रुग्णालयांत होते आणि प्रत्येकाला तिची गरज नसते. फायब्रोस्कॅनमध्ये यकृताचा टणकपणा १५ किलोपास्कल किंवा कमी आणि प्लेटलेट दीड लाख किंवा जास्त असतील, तर दाब धोकादायक असण्याची शक्यता फार कमी. २५ किंवा अधिक असल्यास बहुतेकांत तो वाढलेला धरता येतो. मात्र लठ्ठपणासह फॅटी लिव्हर असलेल्यांत हे अनुमान तितके पक्के नसते. खरी गरज मधल्या रुग्णांना असते.

सिरॉसिसच्या रुग्णाने दारू पूर्ण सोडावी, बीटा ब्लॉकर मनाने बंद करू नये आणि वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शौचास झाली, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.