अपंगत्व आणि जगण्याची उमेद

दिवा जंक्शन हे मध्य रेल्वेवरील अतिशय गर्दीचे स्थानक. जवळच मुंब्र्याला ९ जून २०२५ रोजी दोन लोकलमधून प्रवासी खाली पडले. किमान चार जण दगावले, इतर जखमी झाले. अशा बातम्यांत मृतांचा आकडा ठळक असतो. पण हात किंवा पाय गमावून जे वाचतात, त्यांचे पुढे काय होते?

अशा माणसाला जगणे नकोसे होणारच, असे आपण गृहीत धरतो. अभ्यास मात्र वेगळे सांगतात. अल्ब्रेख्ट आणि डेव्हलीगर या संशोधकांनी १९९९ मध्ये गंभीर अपंगत्व असलेल्यांच्या मुलाखती प्रसिद्ध केल्या. त्यांतील निम्म्याहून अधिक लोकांनी आपले आयुष्य चांगले किंवा उत्तम असल्याचे सांगितले. बघणाऱ्यांना ते तसे वाटत नव्हते, एवढेच.

याचा अर्थ धोका नाही असा नव्हे. अपंग व्यक्तींमध्ये आत्महत्येचे विचार इतरांपेक्षा अधिक प्रमाणात आढळतात. मणक्याला इजा झालेल्यांच्या अमेरिकेतील अभ्यासात हा धोका इजेनंतरच्या पहिल्या पाच वर्षांत सर्वाधिक दिसला, पुढे कमी झाला. इजा तर तशीच राहते. मग धोका का घटतो? कारण तो केवळ शरीरात नसतो.

मानसशास्त्रज्ञ थॉमस जॉइनर यांनी २००५ मध्ये मांडलेल्या सिद्धांतात दोन भावना कळीच्या आहेत. 'मी कुणाचाच नाही' ही एक आणि 'मी सगळ्यांवर ओझे आहे' ही दुसरी. आता पाय गमावलेला एखादा तरुण डोळ्यांसमोर आणू. चाळीच्या जिन्यावरून उतरायला भावाचा खांदा हवा, स्थानकाचा पूल ओलांडायला आणखी कुणी हवे. नोकरी सुटते, मित्र दुरावतात. ओझे असल्याचा 'पुरावा' त्याला रोज मिळत राहतो. तो पुरावा शरीर देत नाही, जिना देतो. म्हणूनच उतरंड, लिफ्ट आणि रोजगार हेही मानसिक आरोग्याचेच उपाय आहेत, असे आम्हाला वाटते.

आणखी एक घोटाळा होतो. अशा माणसाची झोप उडाली, जेवण तुटले, तरी घरचे म्हणतात, 'एवढे झाल्यावर वाईट वाटणारच!' नैराश्य हा उपचारांनी बरा होणारा आजार आहे; तो अपंगत्वाच्या आड लपतो आणि उपचारांविना राहतो.

कायदाही बदलला आहे. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात एकवीस आहेत. मानसिक आजार दोन्हींत आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे मानले जाते. तिला शिक्षा नव्हे, तर उपचार व पुनर्वसन देणे हे शासनाचे कर्तव्य आहे.

शाळेत आपण काय करू शकतो? वर्गात अपंग विद्यार्थी असेल तर तो वर्ग तळमजल्यावर आणावा. त्याला कीव नको, काम द्यावे: प्रयोगाच्या नोंदी, भित्तिपत्रकाचे संपादन, लहानांना गणित शिकवणे. ज्याची इतरांना गरज असते, त्याला आपण ओझे आहोत असे सहसा वाटत नाही.

आणि तो अचानक गप्प झाला, आवडीच्या वस्तू वाटू लागला, 'माझा सगळ्यांना त्रासच' असे म्हणाला, तर एकांतात सरळ विचारावे: "जीव द्यावा असे मनात येते का?" विचारल्याने विचार रुजतो ही भीती निराधार आहे. न्यूयॉर्क राज्यातील २३४२ विद्यार्थ्यांवरील २००५ च्या अभ्यासात प्रश्न विचारल्याने धोका वाढला नाही. उत्तर 'हो' आले तर रागावू नये, उपदेश करू नये, ऐकून घ्यावे. गुप्ततेचे वचन देऊ नये, त्याला एकटे सोडू नये, पालकांना व डॉक्टरांना लगेच सामील करावे. शासनाची 'टेलि-मानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य मिळते, मराठीतूनही. हा क्रमांक फलकावर कायमचा लिहून ठेवावा. तो एका मुलासाठी नाही, सर्वांसाठी आहे; शिक्षकांसाठीसुद्धा.