गोष्ट वेगळी, कामे तीच

तुम्ही घरी दादी-नानीकडून पुष्कळ गोष्टी ऐकल्या असतील. कधी त्यांत शहजादा असतो, कधी लाकूडतोड्या, कधी गरीब शिंप्याचा मुलगा. माणसे बदलतात, गावे बदलतात. तरीही अशी गोष्ट आपण पूर्वी कुठे तरी ऐकली आहे, असे तुम्हांला वाटते. असे का होते?

रशियात व्लादिमीर प्रॉप नावाचे एक विद्वान होऊन गेले. त्यांनी जादूच्या शंभर रशियन लोककथा शेजारी शेजारी ठेवून वाचल्या. एका गोष्टीत राजा नायकाला गरुड देतो. दुसरीत म्हातारा घोडा देतो. तिसरीत जादूगार लहानशी होडी देतो. तिन्ही गोष्टींत नायक दूरदेशी पोहोचतो. देणारा वेगळा, वस्तू वेगळी. काम मात्र एकच! म्हणून प्रॉप यांनी पात्रांची नावे बाजूला ठेवली आणि पात्र काय करते, तेवढेच पाहिले. अशी ३१ कामे त्यांना सापडली. घरातले कोणी तरी बाहेर जाते, हे पहिले काम. नायकाचे लग्न होते किंवा त्याला गादी मिळते, हे शेवटचे. सगळी कामे प्रत्येक गोष्टीत येत नाहीत. पण जी येतात, ती बहुधा ठरलेल्या क्रमानेच येतात.

ही कामे करणारी पात्रे सातच प्रकारची असतात, असे प्रॉप यांनी १९२८ साली आपल्या पुस्तकात लिहिले. नायक आणि खलनायक तुम्ही ओळखताच. नायकाला कामगिरीवर पाठवणारा, त्याला जादूची वस्तू देणारा आणि त्याचा मदतनीस हे आणखी तीन. मग राजकन्या आणि तिचा पिता. शेवटचा खोटा नायक, म्हणजे दुसऱ्याच्या पराक्रमाचे श्रेय लाटणारा.

आता अल्लाउद्दीनची गोष्ट आठवा. जादूगार चाचा बनून येतो आणि अल्लाउद्दीनला भुयारात पाठवतो. तोच त्याच्या बोटात अंगठी घालतो आणि तोच भुयाराचे तोंड बंद करतो. म्हणजे पाठवणारा, देणारा आणि खलनायक ही तिन्ही कामे एकट्या जादूगाराची! पुढे त्याच अंगठीचा जिन अल्लाउद्दीनला बाहेर काढतो. गोष्ट सांगणारा किती हुशार असला पाहिजे!

पण प्रत्येक गोष्ट या साच्यात नीट बसत नाही. हातिमताईचा किस्सा घ्या. हैदर बख्श हैदरी यांनी तो ‘आराइशे महफिल’ या नावाने उर्दूत लिहिला. हुस्नबानोचे सात प्रश्न असतात. जो उत्तरे आणील, त्याच्याशी ती लग्न करणार असते. हातिम जंगले तुडवतो, संकटे सोसतो आणि सातही उत्तरे आणतो. लग्न मात्र शहजादा मुनीर शामीचे होते! हातिम हे सारे त्याच्यासाठीच करत असतो. साच्याप्रमाणे नायकाला मिळायचे ते दुसऱ्याला मिळते, तरी मुनीर शामीला कोणी नायक म्हणत नाही.

चित्रपटांतही हेच पाहता येते. ‘शोले’ हा चित्रपट १९७५ साली आला. त्यात ठाकूर जय आणि वीरू यांना गब्बरला पकडण्याच्या कामगिरीवर बोलावतो. म्हणजे ठाकूर हा पाठवणारा. परंतु अखेरीस गब्बरशी दोन हात करायला तोच पुढे येतो. (दोन हात म्हणायचे ते केवळ बोलीपुरते, बिचाऱ्याचे हात गब्बरनेच तोडलेले असतात.) मूळ शेवटात ठाकूर गब्बरला ठार करतो. सेन्सॉर बोर्डाला ते पटले नाही. म्हणून शेवट बदलला आणि ऐन वेळी पोलीस आले. नायकाचे काम कोणी करायचे, हा वाद कधी कधी पडद्याबाहेरही होतो तो असा.

प्रॉप यांच्या यादीतली एक गोष्ट मला खटकते. राजकन्या म्हणजे जिला शोधायचे आणि जिंकायचे ती, एवढेच तिचे मुख्य काम. अल्लाउद्दीनची शहजादी बद्र अल-बुदूर आठवते का? जादूगार तिला महालासकट उचलून नेतो. अल्लाउद्दीन तिथे पोहोचतो आणि विषाची पूड तिच्या हाती देतो. त्यानंतर तो बाजूला थांबतो. जादूगारासमोर एकटी बसते ती शहजादी. चेहऱ्यावर भीती न दाखवता ती त्याच्याशी गोड बोलते आणि विषाचा प्याला त्याच्या हाती देते. दुष्टाला हरवणे हे नायकाचे काम आहे ना? मग त्या रात्री नायक कोण होते?