एडिटर क्रॅश झाला? आधी पुरावा गोळा करा

नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात असा की लातूरच्या उपकेंद्रात, संशोधनाची फाइल उघडताच एडिटर बंद पडला तर काय कराल? बहुतेक जण शिव्या देऊन दुसरा एडिटर घेतात. पण ईमॅक्स, विम हे मुक्त स्रोत एडिटर आहेत. त्यांचा कोड उघडा आहे, म्हणजे बिघाड शोधता येतो आणि दुरुस्तही करता येतो.

आधी कारण समजून घ्या. ‘क्ष’ आपल्याला एक अक्षर दिसतं. युनिकोडमध्ये मात्र ते तीन संकेत आहेत: क, हलन्त, ष. यूटीएफ-८ मध्ये त्याचे ९ बाइट होतात. हा हिशेब कुठे चुकला तर प्रोग्रॅम नको त्या मेमरीत हात घालतो आणि ऑपरेटिंग सिस्टिम त्याला बंद करते. २०१८ मध्ये एका तेलुगू जोडाक्षरामुळे आयफोनवरची अ‍ॅप्स अशीच बंद पडायची.

आता तपास.

१. स्वतःच्या सेटिंग्ज आणि प्लगइन वगळून एडिटर सुरू करा. क्रॅश थांबला तर दोष बहुधा तुमच्या सेटिंगमध्ये किंवा प्लगइनमध्ये आहे.

२. फाइलची प्रत घ्या आणि ती अर्धी करा. ज्या अर्ध्यात क्रॅश होतो, तो पुन्हा अर्धा करा. ४०,००० ओळींतून एका ओळीवर यायला साधारण १६ फेऱ्या लागतात. दोन्ही अर्धे सुरळीत चालले तर दोष दोन ओळींच्या जोडीत असू शकतो. मग लहान लहान तुकडे काढून बघा.

३. जीडीबी या डीबगरमधून बॅकट्रेस घ्या. कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं, हे त्यात दिसतं.

४. रिपोर्टमध्ये आवृत्ती, ऑपरेटिंग सिस्टिम, नेमक्या पायऱ्या, काय अपेक्षित होतं आणि काय झालं, एवढं लिहा. ‘चालत नाही’ एवढ्यावरून कुणालाच काही करता येत नाही.

इथे एक गोष्ट फार जपा. कोअर डंप म्हणजे क्रॅशच्या क्षणीच्या मेमरीची प्रत. शेतकऱ्यांच्या कर्जाबद्दलच्या मुलाखती तेव्हा उघड्या असतील, तर त्यांची नावंही त्यात जाऊ शकतात. बॅकट्रेसमध्येही मजकुराचे तुकडे येतात, म्हणून तो वाचूनच पाठवा. कोअर डंप जाहीर ठिकाणी टाकू नका. शक्यतो बनावट मजकुरावर तोच क्रॅश घडवून दाखवा.

दुरुस्ती करायची असेल तर गिट बायसेक्ट वापरा. १,००० बदलांतून दोषी बदल सुमारे १० चाचण्यांत सापडतो. दुरुस्तीसोबत एक चाचणीही जोडा, म्हणजे तोच दोष परत आला तर लगेच कळेल.

बघा, संशोधनात तरी वेगळं काय असतं? दुसऱ्याला तुमचा निष्कर्ष त्याच्या टेबलावर पुन्हा घडवता आला पाहिजे. त्याची सवय लावायला एक नीट लिहिलेला बग रिपोर्ट पुरतो.