डिश आणि इंटरनेट एकाच टीव्हीवर : जोडणीच्या कामात कारागिरांची रोजी

संध्याकाळी सातचा सुमार. दादी बातम्या लावायला बसतात. दुपारी नातवाने इंटरनेटवरून चित्रपट पाहिला आणि टीव्ही तसाच बंद करून तो बाहेर गेला. दादी डिशच्या रिमोटचे बटण दाबतात, पडद्यावर मात्र वेगळेच चित्र. मग दुसरा रिमोट, मग तिसरा. शेवटी 'सिग्नल नाही' अशी अक्षरे येतात आणि मोहल्ल्यातल्या मेकॅनिकला फोन जातो, "बेटा, टीव्ही बिघडलाय, जरा येऊन बघून जा." मेकॅनिक येतो, एक बटण दाबतो, बातम्या सुरू होतात. बिघाड काहीच नव्हता. मजुरी मागायला त्याला संकोच वाटतो आणि द्यायला घरच्यांना जड जाते.

असे प्रसंग आज शहरांत आणि गावांत सारखेच घडतात. टीव्ही चांगला असतो, डिश चांगली असते, इंटरनेटही असते. परंतु या तिन्हींची सांगड कोणी घालून दिलेली नसते. ही सांगड घालून देणे हेच आता एक स्वतंत्र काम झाले आहे. आपल्या वाचकांपैकी जे टीव्ही मेकॅनिक, केबलचालक, इलेक्ट्रिशियन किंवा विद्युत साहित्याचे लहान दुकानदार आहेत, त्यांनी या कामाकडे गंभीरपणे पाहावे, यासाठी हा लेखप्रपंच.

धंद्याने कितीदा कूस बदलली

१९९१ च्या आखाती युद्धाची दृश्ये उपग्रहावरून थेट दिसली आणि आपल्या शहरांतून केबलचा धंदा फोफावला. १९९२ मध्ये झी टीव्ही सुरू झाली, १९९५ मध्ये केबलचा कायदा झाला. छतावर चढून तारा ओढणाऱ्या तरुणांना त्या काळी काम कमी पडत नव्हते. २००४ मध्ये दूरदर्शनची विनाशुल्क डिश सेवा आली. तीच आज डीडी फ्री डिश या नावाने चालते. २०१२ ते २०१७ या काळात केबल टप्प्याटप्प्याने डिजिटल झाली आणि घरोघरी सेट टॉप बॉक्स बसले. २०१६ मध्ये नेटफ्लिक्स आणि ॲमेझॉन प्राइम व्हिडिओ भारतात आले आणि त्याच वर्षी जिओमुळे मोबाईलचा डेटा स्वस्त झाला.

दरम्यान पिक्चर ट्यूबचा टीव्ही गेला आणि त्याच्याबरोबर त्याची दुरुस्तीही गेली. सपाट टीव्हीचा पॅनेल फुटला तर दुरुस्तीपेक्षा नवा टीव्ही परवडतो, असे गिऱ्हाईक स्वतःच म्हणते. ज्याने वीस-पंचवीस वर्षे सोल्डरिंगवर संसार चालवला, त्याच्यापुढे आज खरा प्रश्न आहे. पण त्याच्याजवळ एक भांडवल अजून शिल्लक आहे. मोहल्ल्यातल्या प्रत्येक घरात त्याला ओळखतात आणि त्याच्या शब्दावर विश्वास ठेवतात.

दोन वाटांमधला फरक

गिऱ्हाइकाला सल्ला द्यायचा तर आधी कारागिराला हा फरक पक्का माहीत हवा. उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरून एकच सिग्नल सगळ्या देशाला देतो. एका घरात डिश असो वा एक कोटी घरांत, त्याच्यावर भार वाढत नाही. इंटरनेटवरून येणाऱ्या स्ट्रीमिंगचे तसे नाही. तेथे प्रत्येक घराला वेगळा प्रवाह पाठवावा लागतो आणि तो काही सेकंदांच्या लहान तुकड्यांत येतो. टीव्ही आधी थोडे तुकडे साठवतो, मग दाखवतो.

म्हणून क्रिकेटचा सामना इंटरनेटवर पाहणारा बऱ्याचदा डिशवाल्याच्या वीस-तीस सेकंद मागे असतो. शेजारच्या घरात गडी बाद झाल्याची आरोळी उठते, तेव्हा याच्या टीव्हीवर गोलंदाज अजून धावत येत असतो. ज्या घरात सामन्याची आवड आहे, त्या घरची डिश किंवा केबल काढून टाकण्याचा सल्ला देण्यापूर्वी हे सांगितले पाहिजे.

उलट बाजूही आहे. कोकणात मुसळधार पाऊस सुरू झाला की डिशचे चित्र फुटते, कारण पावसाच्या थेंबांमुळे तो सिग्नल कमजोर होतो. फायबरच्या तारेला पावसाची अशी बाधा नाही. मात्र वीज गेली की राउटर बंद आणि इंटरनेटही बंद. राउटरला बॅटरीवर चालवणारा छोटा यूपीएस बाजारात मिळतो. तो बसवून दिला तर वीज जाऊन आल्यावर राउटर पुन्हा सुरू होण्याची वाट पाहावी लागत नाही, आणि इन्व्हर्टर असलेल्या घरात टीव्ही अखंड चालतो. थोडक्यात, दोन्ही वाटा घरात असल्या तर एक अडली तरी दुसरी चालते.

जोडणीचे चार प्रकार

पहिला प्रकार सर्वांत स्वस्त. घरात स्मार्ट टीव्ही आहे, त्याला डीडी फ्री डिशचा बॉक्स जोडायचा आणि टीव्हीलाच वायफाय द्यायचे. फ्री डिशला दरमहा भाडे नाही. तिचा जीसॅट-१५ हा उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे, म्हणजे महाराष्ट्रातून डिशचे तोंड आग्नेयेकडे करावे लागते. ज्या घरात बातम्या, डीडी सह्याद्री आणि जुने चित्रपट एवढेच पुरते, तेथे महिन्याच्या पॅकचा खर्च वाचवता येतो.

दुसरा प्रकार जुन्या टीव्हीचा. त्याला एचडीएमआयचे तोंड असेल तर फायर टीव्ही स्टिकसारखी स्टिक लावून तो स्मार्ट करता येतो. फक्त पिवळी, लाल, पांढरी पिन असेल तर मध्ये कन्व्हर्टर लागतो आणि चित्र साधारणच दिसते, हे आधीच सांगावे. पाच-सहा वर्षांच्या स्मार्ट टीव्हीचे अनेकदा असे होते की पडदा उत्तम असतो, पण त्यातली ॲप्स चालेनाशी होतात. त्यालाही हाच उपाय. येथे दुकानदाराची परीक्षा असते. नवा टीव्ही विकला तर नफा मोठा, स्टिक सुचवली तर किरकोळ. पण स्टिक सुचवणाऱ्या दुकानदाराकडेच ते घर पुढची सगळी खरेदी करते.

तिसरा प्रकार दोन्ही सोयी असलेल्या बॉक्सचा. काही डिश कंपन्यांचे अँड्रॉइडवर चालणारे बॉक्स डिशची तार आणि वायफाय दोन्ही घेतात. वाहिन्या आणि ॲप्स एकाच रिमोटवर येतात. ज्या घरात वयस्कर माणसे आहेत, तेथे हा प्रकार सोयीचा.

चौथा प्रकार फक्त फायबरचा. फायबर कंपन्या आता इंटरनेटच्याच तारेतून थेट वाहिन्याही देतात. छतावर डिश लावायला जागा नसलेल्या इमारतीत हे बरे पडते. मात्र हवी ती वाहिनी यादीत आहे की नाही, हे पैसे भरण्याआधी तपासावे.

हाताच्या कामातील बारकावे

जोडणी करणाऱ्याचे खरे कसब पुढील गोष्टींत आहे. स्टिकला टीव्हीच्या यूएसबी तोंडातून वीज देऊ नये. ती अपुरी पडते आणि स्टिक वारंवार बंद होऊन सुरू होते. सोबत आलेला ॲडाप्टरच वापरावा.

टीव्हीत सीईसी नावाची सोय असते. सॅमसंग तिला एनीनेट प्लस म्हणते, एलजी सिम्पलिंक म्हणते आणि सोनी ब्राव्हिया सिंक म्हणते. ती चालू केली की ही सोय असलेले उपकरण सुरू होताच टीव्ही आपोआप त्या तोंडावर जातो. प्रारंभी सांगितलेल्या दादींची तक्रार बऱ्याचदा एवढ्यानेच मिटते. जुन्या सेट टॉप बॉक्समध्ये ही सोय नसेल, तर टीव्ही सुरू होताना नेहमी डिशच लागेल, अशी रचना अनेक टीव्हींत करून ठेवता येते. साउंडबार असेल तर तो एआरसी लिहिलेल्या एचडीएमआय तोंडालाच जोडावा.

राउटर टीव्हीमागे किंवा लोखंडी कपाटात ठेवू नये. ५ गिगाहर्ट्झचे वायफाय वेगवान, पण भिंतीपलीकडे कमजोर, २.४ गिगाहर्ट्झचे दूर जाते, पण त्याचा वेग कमी. राउटर आणि टीव्ही एकाच खोलीत असतील तर सरळ लॅनची तार ओढावी. त्यासारखी खात्रीची जोडणी नाही.

वेगाचा हिशोबही माहीत हवा. नेटफ्लिक्सच्या सांगण्यानुसार एचडी चित्राला सेकंदाला ५ मेगाबिट आणि ४के चित्राला १५ मेगाबिट वेग पुरतो. तासाभराच्या एचडी चित्राला सुमारे ३ जीबी डेटा लागतो. म्हणजे मोबाईलच्या रोजच्या २ जीबीवर टीव्ही चालवायचा म्हटला तर चाळीस मिनिटांत खेळ खलास. 'मोबाईलच्या हॉटस्पॉटवर भागेल ना?' असे विचारणाऱ्या गिऱ्हाइकाला हे गणित कागदावर करून दाखवावे.

महिन्याच्या खर्चाचा कागद

अनेक घरांत एकाच कार्यक्रमाचे पैसे दोनदा जातात. वाहिनीचा पॅकही चालू असतो आणि त्याच वाहिनीच्या मालिका दाखवणाऱ्या ॲपची वर्गणीही चालू असते. १ फेब्रुवारी २०१९ पासून ग्राहकाला आपल्याला हव्या त्याच सशुल्क वाहिन्या निवडण्याचा हक्क मिळाला आहे. परंतु कंपनीने दिलेला मोठा पॅकच बहुतेक जण चालू ठेवतात. घरातले कोण काय पाहते, ते विचारून एक यादी करावी आणि नको असलेल्या वाहिन्या काढून द्याव्यात.

वर्गणी घेतानाही सावध करावे. काही ॲप्सची स्वस्त वर्गणी फक्त मोबाईलपुरती असते, ती टीव्हीवर चालत नाही. नेटफ्लिक्सने २०२३ पासून भारतातही एक खाते एकाच घरापुरते केले आहे. त्यामुळे भावाचा पासवर्ड घेऊन काम भागवण्याचा बेत मध्येच फसतो. पूर्वी स्वतंत्र असलेली दोन मोठी ॲप्स फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओहॉटस्टार नावाने एकत्र आली. प्रसार भारतीचे वेव्हज हे ॲप नोव्हेंबर २०२४ मध्ये सुरू झाले असून त्यावर दूरदर्शनचे बरेच कार्यक्रम पाहता येतात. नवा टीव्ही घेणाऱ्याने हेही लक्षात ठेवावे की ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे.

'सगळे फुकट' बॉक्सचा मोह

बाजारात काही जण असा बॉक्स विकतात की एकदा पैसे द्या आणि सर्व वाहिन्या, सर्व चित्रपट कायमचे पाहा. त्यावर विक्रेत्याला नफाही चांगला सुटतो. पण हा चोरीचा माल आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३ नुसार अशा गुन्ह्याला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. याशिवाय ज्या ठिकाणाहून ते प्रक्षेपण येते ते केव्हाही बंद पडते. मग गिऱ्हाईक बॉक्स बनवणाऱ्याला शोधत नाही, तो बसवून देणाऱ्याच्या दारात येते. स्वस्त आणि प्रमाणपत्र नसलेल्या अँड्रॉइड बॉक्सवर पैसे भरलेली ॲप्सही अनेकदा उच्च दर्जाचे चित्र दाखवत नाहीत. वर्षानुवर्षे कमावलेली पत एका बॉक्सच्या नफ्यासाठी गमावणे हा घाट्याचाच सौदा होय.

मजुरी कशी ठरवावी

या कामात बहुतेक जण एक चूक करतात. ते बॉक्सवर दोन पैसे सुटतात म्हणून जोडणी फुकट करून देतात. बॉक्स तर गिऱ्हाईक उद्या ऑनलाइन मागवील. जोडणी ऑनलाइन येत नाही. म्हणून साहित्याची किंमत वेगळी आणि मजुरी वेगळी अशी लेखी पावती द्यावी. कामाआधी मजुरी सांगावी. काम झाल्यावर घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाच्या हातात रिमोट द्यावा आणि त्यांच्याकडून दोनदा वाहिनी लावून घ्यावी. प्रत्येक रिमोटवर चिठ्ठी चिकटवावी. ही दहा मिनिटे वाचवली तर पुढे दहा फुकटच्या फेऱ्या कराव्या लागतात.

व्यवसायाची उद्यम नोंदणी विनामूल्य होते, ती करून ठेवावी. बँकेकडे कर्ज मागताना ती उपयोगी पडते. महाराष्ट्रात सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या आत असेल तर सामान्यतः जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. तरीही हिशोबाची वही ठेवावीच. केबलचालक बांधवांची स्थिती तर आणखी चांगली आहे. त्यांच्या तारा घरोघरी पोचलेल्या आहेत. अनेकांनी त्याच वाटेने स्थानिक ब्रॉडबँडचे काम घेतले आहे. त्यांनी टीव्हीच्या जोडणीची जबाबदारीही घेतली, तर गिऱ्हाइकाला दुसरीकडे जाण्याचे कारण उरणार नाही.

दारात गेल्यावर फक्त चार प्रश्न विचारावेत. घरात कोण कोण पाहते? थेट काय पाहिलेच पाहिजे? इंटरनेट कोणते आहे? महिन्याला किती खर्च झेपेल? या चार उत्तरांवर जो जोडणी करील, त्याचे काम टिकेल. मग दादींचा फोन आला तरी तो टीव्ही बिघडल्याचा नसेल. शेजारच्या घरीही तशीच जोडणी करून दे, हे सांगण्यासाठी तो असेल.