बास मासा आपल्याकडे नाही, पण मरळ आहे! गळाची काठी स्वतः कशी बनवतात?

इन्स्टाग्रामवर मासेमारीचे रील्स बघत असाल तर 'बास फिशिंग' हा शब्द तुमच्या कानावर नक्की आला असेल. अमेरिकेतला एखादा तळे, छोटी बोट, हातात चकचकीत काठी आणि गळाला लागलेला, पाण्याबाहेर उसळी मारणारा हिरवट मासा. खाली कमेंटमध्ये आपल्याकडची पोरं विचारतात, "भाऊ, हा मासा आपल्याकडं भेटतो का? अन् ही काठी कुठं मिळंल?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. बास हा मूळचा उत्तर अमेरिकेतला मासा. नांदेड जिल्ह्यातल्या हिमायतनगरजवळून वाहणाऱ्या पैनगंगेत तो नाही. पण त्याच स्वभावाचा एक मासा तिथं आहे, मरळ.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जास्त रंजक आहे. ती काठी विकत मिळते, पण स्वतः बनवताही येते. आणि अमेरिकेत अशा काठ्या बनवायला सुरुवात झाली तेव्हा त्यासाठी लागणारा बांबू भारतातून जात होता.

बास आणि मरळ यांचं काय नातं?

नातं रक्ताचं नाही, सवयीचं आहे. दोघंही दबा धरून शिकार करतात. पाणवनस्पतीत, बुडालेल्या झाडाच्या फांदीखाली किंवा काठाच्या सावलीत गप्प थांबायचं आणि बेडूक किंवा छोटा मासा टप्प्यात आला की झडप घालायची.

मरळीची आणखी एक खासियत आहे. तिला हवेतून श्वास घेता येतो, त्यासाठी ती अधूनमधून पाण्याच्या वर येते. म्हणून कमी पाण्याच्या, गढूळ डोहातही ती तग धरते. काठावर बसणारे जुने लोक पाण्यावर उठणारा तो बुडबुडा बघूनच मरळ कुठं आहे ते सांगतात. शेजारच्या तेलंगणाचा तर हा राज्यमासा आहे. महाराष्ट्राचा राज्यमासा मात्र समुद्रातला, पापलेट.

सवयी सारख्या म्हणून हत्यारही सारखं लागतं. भारतात मरळीसाठी छंद म्हणून गळ टाकणारे बरेच जण बासच्याच काठ्या आणि रबरी बेडूक वापरतात.

मग काठी स्वतः बनवायची कशाला?

कारण काठी म्हणजे नुसता दांडा नाही. तिला तीन कामं एकाच वेळी करायची असतात. आमिष लांब फेकायचं, माशाचा धक्का सोसायचा आणि त्याला गवतातून ओढून काढायचं.

काठी निवडताना दोन गोष्टी बघतात. एक म्हणजे ताकद, म्हणजे काठी वाकवायला किती जोर लागतो. दुसरी म्हणजे वाक, म्हणजे ती कुठून वाकते. टोकाकडचा एक तृतीयांश भागच वाकत असेल तर ती 'फास्ट'. निम्म्यापर्यंत वाकली तर मध्यम. मुठीपर्यंत कमान झाली तर 'स्लो'.

मरळ गळाला लागली की थेट गवतात शिरते. तिथं लवचिक काठी कामाची नाही. खालचा भाग ताठ हवा आणि टोक थोडं नरम हवं. साधारण साडेसहा ते सात फुटांची, फास्ट काठी त्यासाठी चालते. तेच काठावर बसून चिलापी किंवा छोटे मासे धरायचे असतील तर इतका ताठ दांडा उपयोगाचा नाही. मासा कधी लागला ते हाताला कळणारच नाही.

यामागचं गणित लक्षात ठेवण्यासारखं आहे. भरीव गोल काठीची जाडी दुप्पट केली तर तिचा ताठपणा दुप्पट होत नाही, सोळापट होतो. म्हणूनच काठी खाली जाड आणि वर निमुळती ठेवतात. बनवताना टोकाकडं थोडंसं जास्त तासलं गेलं तरी काठीचा सगळा स्वभाव बदलतो.

दुकानातली काठी सरासरी माणसासाठी आणि सरासरी माशासाठी बनवलेली असते. स्वतः बनवलेली काठी तुमच्या हाताच्या लांबीची, तुमच्या नदीची आणि तुमच्या माशाची असते.

थोडा इतिहास: कल्याणीपासून अमेरिकेपर्यंत

गळाची मासेमारी हा आपल्याकडं परदेशातून आलेला छंद नाही. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या नावावर असलेल्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात 'मत्स्यविनोद' नावाचा भाग आहे. ग्रंथाचा काळ साधारण इ.स. ११२९ चा. माशांच्या जाती, त्यांना काय खायला घालायचं आणि त्यांना गळाला कसं लावायचं, हे सगळं त्यात आहे. सोमेश्वराची राजधानी होती कल्याणी, म्हणजे लातूरच्या सीमेपलीकडचं आजचं बसवकल्याण. तेव्हा आजचा मराठवाडा त्याच चालुक्यांच्या राज्यात होता.

आता अमेरिकेत येऊ. १८४० च्या दशकात पेनसिल्व्हेनियातल्या ईस्टन गावचा सॅम्युअल फिलिप हा बंदुका बनवणारा कारागीर बांबूच्या चिरफळ्या जोडून काठ्या बनवू लागला. पुढं १८७० च्या दशकात मेन राज्यातल्या हायरम लिओनार्डनं सहा पट्ट्यांची काठी लोकप्रिय केली. बांबू उभा चिरायचा, प्रत्येक पट्टी तिकोनी तासायची आणि सहा पट्ट्या चिकटवून षटकोनी काठी करायची. पोकळ बांबूपेक्षा ही काठी बारीक, भरीव आणि चिवट होते.

यासाठी लागणारा बांबू कलकत्ता बंदरातून जायचा, म्हणून त्याचं नावच 'कलकत्ता केन' पडलं. वनस्पतीशास्त्रात त्याची ओळख डेंड्रोकॅलॅमस स्ट्रिक्टस अशी सांगतात. आपल्याकडं त्याला मानवेल म्हणतात. मध्य भारतातल्या कोरड्या पानझडी जंगलात सगळीकडं दिसणारा, जाड सालीचा, जवळपास भरीव वेळू तो हाच.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चीनच्या टोंकिन बांबूनं त्याची जागा घेतली. १९५० मध्ये अमेरिकेनं चीनशी व्यापार बंद केला, टोंकिन मिळेना आणि तोपर्यंत बाजारात आलेल्या फायबरग्लासनं मैदान मारलं. १९७० च्या दशकात कार्बन फायबर आलं. आज रील्समध्ये दिसणारी बासची काठी बहुतेक वेळा कार्बनची असते.

पद्धत १: वेळूची काठी

खर्च सगळ्यात कमी, पण धीर सगळ्यात जास्त लागतो.

*वेळू निवडा.* किमान तीन वर्षांचा, पिकलेला वेळू घ्या. कोवळ्या वेळूवर पांढरट भुकटी आणि पेरांना चिकटलेली वाळकी आवरणं दिसतात. पिकलेल्यावर डाग असतात आणि बोटानं टिचकी मारली तर टणक आवाज येतो. तोड पावसाळ्यानंतर, हिवाळ्यात करतात. वेळूत पिष्ट जास्त असलं की पोखरणारा भुंगा लवकर लागतो.

वेळू कुठून आणायचा हेही महत्त्वाचं. २०१७ च्या दुरुस्तीनंतर वनक्षेत्राबाहेरचा बांबू कायद्यानं 'झाड' राहिलेला नाही. त्यामुळं शेताच्या बांधावरचा वेळू मालकाला विचारून घेता येतो. जंगलातला वेळू मात्र वन विभागाचा, तो परवानगीशिवाय तोडू नका.

*वाळवा.* सावलीत, उभा ठेवून, दोन महिने तरी. घाईनं उन्हात टाकला तर तडकतो.

*सरळ करा.* वाकलेली जागा मंद आचेवर फिरवत गरम करा. वेळू नरम पडला की हळूच उलट दाबा आणि ओल्या फडक्यानं थंड करा. जाळ लागून काळा पडला तर तो भाग कमजोर झाला समजा.

*बाहेरची साल तासू नका.* नवशिके हमखास करतात ती चूक हीच. वेळूचे मजबूत धागे बाहेरच्या अंगाला सगळ्यात दाट असतात. गुळगुळीत करायच्या नादात साल काढली तर काठीची ताकदच जाते. पेरावरचे डोळे तेवढे घासून घ्या.

*तंगूस बांधा.* फक्त टोकाला गाठ मारून थांबू नका. तंगूस काठीच्या अंगावरून खाली आणून मुठीजवळही बांधा. टोक तुटलं तरी मासा आणि गळ तुमच्याकडंच राहतो. शेवटी वॉर्निश किंवा जवसाच्या तेलाचा हात द्या, म्हणजे वेळू पाणी पिणार नाही.

पद्धत २: ब्लँकवरची काठी

ब्लँक म्हणजे कार्बनची किंवा फायबरग्लासची नुसती निमुळती नळी. तिला मूठ नाही, कड्या नाहीत. ती ऑनलाइन मिळते आणि बाकीचं काम तुमचं.

*कणा शोधा.* ब्लँक सगळ्या बाजूंनी सारखी वाकत नाही. बूड जमिनीवर टेकवा, टोक तळहातावर ठेवा आणि मधे हलकं दाबा. काठी स्वतःच फिरून एका बाजूवर स्थिरावते. तिथं खूण करा आणि कड्या त्या रेषेला धरून बसवा.

*मूठ आणि रीलची जागा.* बूच किंवा फोमची मूठ आणि रील बसवायची खोबणी इपॉक्सीनं चिकटवतात. नळी बारीक आणि खोबणी मोठी असेल तर मधे मास्किंग टेपचे वेढे देऊन फट भरतात.

*कड्या.* दोरा ज्यातून जातो त्या कड्या. ढोबळ हिशेब असा, काठी जितके फूट तितक्या कड्या, शिवाय टोकाची एक. आधी त्या टेपनं तात्पुरत्या लावा, दोरा ओवा, टोकाला वजन बांधून काठी वाकवा. दोरा काठीच्या कमानीला धरून चालला पाहिजे. कुठं सरळ रेषेत तुटक जात असेल तर तिथं कडी सरकवा किंवा एक वाढवा. या चाचणीत घालवलेला अर्धा तास पुढं काठी मोडण्यापासून वाचवतो.

*दोरा गुंडाळा.* क्रिकेट बॅटच्या दांड्याला दोरा गुंडाळलेला पाहिलाय? तसंच काम, फक्त फार बारीक. कडीच्या पायावर दोऱ्याचे वेढे एकमेकांना चिकटून घ्यायचे आणि शेवटचं टोक वेढ्यांखालून ओढून घ्यायचं. गाठ मारायची नसते.

*लेप.* वरून इपॉक्सीचा पातळ थर द्या आणि तो घट्ट होईपर्यंत काठी हळूहळू फिरवत ठेवा, नाहीतर लेप एका बाजूला ओघळतो. पूर्ण सुकायला एक दिवस द्या.

पाण्यावर जाण्याआधी हे वाचाच

वीज. कार्बन विजेचा वाहक आहे. शेतातून, कालव्यावरून जाणाऱ्या तारांखाली सात फुटांची कार्बनची काठी उभी धरणं जीवावर बेतू शकतं. तारेला चिकटायचीही गरज नाही, उच्च दाबाच्या तारेजवळ गेलं तरी धोका असतो. ओला वेळूही सुरक्षित समजू नका. ढग गडगडायला लागले की काठी खाली ठेवून काठावरून निघा.

पाणी. पैनगंगेवर वरच्या बाजूला ईसापूर धरण आहे. वर पाऊस झाला किंवा पाणी सोडलं की खाली पातळी वाढते. सहस्रकुंड धबधब्याच्या परिसरातले खडक शेवाळानं निसरडे असतात. तिथं गळ टाकण्यापेक्षा धबधबा लांबून बघितलेला बरा.

परवानगी. तलाव आणि जलाशयांवर अनेकदा मच्छीमार सहकारी संस्थांचा ठेका असतो. तुमचा तो छंद आहे, त्यांचं ते पोट आहे. आधी विचारा. पैनगंगा अभयारण्याच्या हद्दीत तर वन विभागाच्या परवानगीशिवाय गळ टाकायचाच नाही.

पिल्लांवरची मरळ सोडून द्या

पावसाळ्यात मरळ अंडी घालते आणि पुढं पिल्लांची राखण करते. पाण्यावर शेकडो पिल्लांचा लालसर पुंजका वळवळताना दिसला तर खाली आई-बाप आहेत समजा. अशा वेळी मरळ भुकेपोटी नाही, पिल्लांना वाचवायला आमिषावर धावून येते. म्हणूनच ती धरणं सगळ्यात सोपं असतं. पण ती गेली की तो अख्खा पुंजका छोट्या-मोठ्या माशांच्या तोंडी जातो. एका जेवणासाठी पुढच्या वर्षीची सगळी मरळ संपते.

जिलेटीन किंवा करंट लावून केलेल्या मासेमारीत असा विचार करायला जागाच नसते. लहान, मोठा, अंड्यावरचा, सगळं एकदम मरतं. गळाच्या काठीचं वेगळेपण इथंच आहे. ती एका वेळी एकच मासा काढते आणि तो ठेवायचा की सोडायचा, हे ठरवायची संधी तुमच्या हातात राहते.

बासचा जागतिक विक्रम १९३२ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात जॉर्ज पेरीनं केला. साधारण दहा किलोचा मासा. २००९ मध्ये जपानच्या बिवा तलावात मानाबू कुरितानं त्याची बरोबरी केली. मधे ७७ वर्षं गेली. पैनगंगेच्या डोहात अशा विक्रमांची कुणी नोंद ठेवत नाही. तिथं मोठी मरळ बघायची असेल तर आज पिल्लांवर असलेली मरळ पाण्यातच राहू द्यावी लागेल.